चौथा मागी राहू दे

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू बसवलेल्या नाताळच्या नाटकाचा विचका झाला, पाळकसाहेबांसमोर जायची लाज वाटते, आणि 'या गोंधळात नाताळचा अर्थ कुठे होता?' असं विचारतेस. मी तिसऱ्या बाकावर होते, सगळं पाहिलं. मेंढरू झालेलं पोर गव्हाणीतल्या बाहुलीला बाजूला सारून स्वतःच गवतात आडवं झालं. मागी, म्हणजे बाळ येशूला भेटवस्तू घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, तीनाऐवजी चार आले. देवदूत आईचा हात सोडेना, आणि तो हात धरूनच हुंदके देत म्हणाला, "भिऊ नका."

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत देवदूत हेच तीनदा सांगतात: जखऱ्याला, मरीयेला, मेंढपाळांना. मी ते आयुष्यभर वाचत आले. भ्यालेल्या माणसांना सांगितलेले शब्द आहेत ते, हे मला परवा त्या पोराच्या तोंडून कळलं.

पण 'पुढच्या वर्षी नीट बोलणारीच मुलं निवडेन' हे तुझं वाक्य वाचून राग आला. मंचावर आलेलं मूल खाली उतरवायचं नाही. कुठल्याही कारणानं नाही.

चार मागी चुकले म्हणतेस? मत्तयानं त्याच्या शुभवर्तमानात भेटवस्तू तीन सांगितल्यात, माणसं किती ते सांगितलेलंच नाही. बैल आणि गाढव तर जन्माच्या वृत्तांतात नाहीतच. 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्चोला गव्हाण मांडली, तेव्हा खरं गवत आणि खरा बैल, खरं गाढव आणून उभं केलं. तिथं सगळं शिस्तीत पार पडलं असेल असं तुला वाटतं? जनावरं आहेत ती!

मी हे एवढं ठासून का सांगते, ते ऐक. तुझ्याच वयाची असताना मी एका अडखळत बोलणाऱ्या मुलाकडून देवदूताची भूमिका काढून घेतली. आठवडा राहिला होता, मंडळीत नाव व्हायला हवं होतं. नाटक बिनचूक झालं. तो पुढच्या बाकावर बसला होता आणि दुसऱ्या मुलाच्या प्रत्येक वाक्याबरोबर त्याचे ओठ हलत होते. एकदाही न अडखळता. त्यानंतर तो संडे स्कूलला आला नाही. मरीया आणि योसेफाला उतारशाळेत जागा नव्हती, हे वाक्य त्या संध्याकाळी आम्ही किती सुंदर म्हटलं होतं!

तेव्हापासून मी कुणाला उतरवलं नाही. माझ्या नाटकांत अकरा मेंढपाळ झाले, दोन मरीया झाल्या. लोक बेशिस्त म्हणाले. म्हणू देत. मी तालमी कमी घेतल्या नाहीत, घसा बसेपर्यंत घेतल्या. तो आळस नव्हता, हे तरी तू समजून घे. तालीम कडक घे, हवं तर ओरड. पण मंचावर आलेलं मूल उतरवायचं नाही.

पाळकसाहेबांकडे रविवारी ताठ मानेनं जा. आणि एक राहिलंच. सोनं, ऊद, गंधरस तिघांत वाटून झाल्यावर चौथ्याच्या हातात काही उरलं नव्हतं, म्हणून तो सारखा मागे सरत होता. त्याला एक डबी हवी. माझ्याकडे सोनेरी कागद आहे, मी करून आणते.

तुझी,
मावशी