आधी अंगावर, मग कागदावर

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही बाडं वाचली. एकात गाडीशिवाय करता येतील अशा जवळपासच्या पायवाटा, दुसऱ्यात जुनं घर पर्यावरणाला कमीत कमी त्रास देत कसं सुधारायचं ते. आधी कुठलं पुस्तक करू, असं विचारतेस. ते नंतर बघू. यातलं किती तू अंगावर घेतलं आहेस, ते आधी सांग.

चौथ्या वाटेत लिहिलंस, ‘थांब्यापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत १० मिनिटे.’ तुझ्याच नकाशात ते अंतर सव्वा किलोमीटर आहे आणि चढ ६० मीटरचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा घालून दिला होता: तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्या हिशेबाने चालायची १५ आणि चढाची ६ मिनिटं होतात. म्हणजे २१. त्यातही दम खायला, नाडी बांधायला, पाणी प्यायला थांबणं धरलेलं नाही. तू तिथे गाडीने गेलीस ना? खरं सांग.

रागावत नाहीये. माझ्या पहिल्या पुस्तकातली एक वाट मीही अशीच लिहिली होती. मैत्रिणीच्या गाडीतून गेले, गाडीपाशीच परत आले आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ वेळापत्रकातून उतरवून घेतली. ती बस सुट्टीच्या दिवशी धावत नसे. वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. मग एका वाचकाचं पत्र आलं: म्हाताऱ्या आईला घेऊन दोन तास अंधारात थांब्यावर बसलो होतो. पत्रात एकही शिवी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

आल्फ्रेड वेनराइट कधीच गाडी चालवायला शिकला नाही. नोकरी सांभाळून, बहुतेक वेळा बसने जाऊन, त्याने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले २१४ डोंगर पालथे घातले आणि १९५२ ते १९६६ या काळात हाताने लिहून, रेखाटून त्यांच्या वाटांच्या पुस्तकाचे ७ खंड पुरे केले. परतीची बस चुकण्याची धास्ती त्याला वाचकाइतकीच होती. तुला ती कधी वाटली? आधी अंगावर, मग कागदावर.

घराच्या बाडाचंही तेच. ‘ओल आलेली भिंत खरवडून सिमेंटचा पक्का गिलावा करावा.’ अगं, मी केलाय तो! जुनी चुन्यातली भिंत होती. चुना ओल आत घेतो आणि हवेला परत देतो. वर सिमेंट थापून मी तिची बाहेर पडायची वाटच बुजवली. दुसऱ्या वर्षी बोटाने ठोकलं तर भिंत पोकळ वाजायला लागली. एक पापुद्रा ओढला तर मागे पांढरे क्षार, आणि विटेचा कोपरा भुकटी होऊन हातात आला. सगळं काढून पुन्हा चुन्यात करावं लागलं. राडारोडा दुप्पट.

आणि गंमत बघ, आदल्याच पानावर तू छान समजावलंयस की सिमेंटच्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक वायू इंधनातून येत नाही, तापवलेल्या चुनखडीतूनच सुटतो, त्यामुळे भट्टीचं इंधन बदललं तरी तेवढा राहणारच. मग पान उलटून गिलावा कसा सांगतेस? (चुनाही भट्टीतूनच येतो, तेही लिही. म्हणून तर जुना गिलावा शाबूत असेल तर त्याला हात लावायचा नाही.) आणि जुना रंग कोरडा घासायला सांगितलायस, ते वाक्य आजच्या आज काढ. त्यात शिसं असू शकतं, आणि ती धूळ घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाते.

दुसऱ्या पुस्तकाला मला ७ वर्षं लागली. तोवर त्याच विषयावर कुणीतरी चार महिन्यांत पुस्तक काढलं आणि ते माझ्यापेक्षा जास्त खपलं. घरचे अजून चिडवतात. मी आळशी नव्हते. प्रत्येक वाट दोनदा चालले, त्यातली एक खेप सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक भिंतीजवळ वर्षभराने पुन्हा गेले. बरं, थोडा आळसही असेल. पण त्या पुस्तकाने कुणाला अंधारात बसवलेलं नाही, निदान तसं पत्र आलेलं नाही. एवढा हट्ट मी धरणारच, आणि तुलाही धरायला लावणार. आधी अंगावर, मग कागदावर. कंटाळलीस ऐकून? कंटाळ.

कुठलं पुस्तक आधी, याचं उत्तर तुझ्या वहीत आहे. मळलेली, घामाने फुगलेली पानं ज्या विषयाची जास्त, ते आधी.

येत्या रविवारी चौथी वाट पुन्हा कर, बसने. टाकीपाशी पोचल्यावर घड्याळ बघून तिथल्या तिथे लिहून ठेव. उतरल्यावर शेवटच्या बसच्या वेळेला थांब्यावर उभी राहा आणि ती येते का बघ. नाहीच आली तर फोन कर. कुणाची तरी गाडी मागून घेऊन मी न्यायला येते, पण ते पुस्तकात लिहू नकोस.