सोळाव्या वर्षीचं टायमिंग, चोविसाव्या वर्षीचे पाय

शाळेत असताना राज्यात पहिला-दुसरा नंबर काढणारी मुलं कॉलेजात गेली की खेळ सोडतात, आणि पाच-सात वर्षांनी त्यांना परत मैदानात उतरावंसं वाटतं. पुण्यात खेळाडूंचं समुपदेशन करताना मला हे वरचेवर दिसतं. प्रश्न ठरलेला असतो : आता वय निघून गेलं का? परत स्पर्धेत उतरण्याइतकं जमेल का? विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकायचं असतं. मी आधी विचारते, खेळ सुटला कशामुळे? मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात वयाची अडचण लोकांना वाटते तेवढी नसते. ज्या कारणाने खेळ सुटला ते कारण तसंच राहिलं असेल, तर मात्र दुसऱ्यांदाही तिथेच घोडं अडतं.

मृणालची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. नोकरी हिंजवडीला, घर सिंहगड रोडला. सोळाव्या वर्षी १५०० मीटर ४ मिनिटं ३६ सेकंदांत धावलेली, ज्युनिअर गटात मेडल आणलेली मुलगी. अठराव्या वर्षी नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला बारीक चीर पडली. ते भरून येतंय तोवर त्याच पायाला पुन्हा झालं. मग कॉलेज, अभ्यास, प्लेसमेंट असं एकेक निमित्त मिळत गेलं आणि स्पाइक्स माळ्यावर गेले. त्यानंतर सहा वर्षं ती धावली नाही.

ऑफिसातल्या लोकांनी १० किलोमीटरच्या एका रनला नावं दिली, तशी हिनेही दिली. काही तयारी नसताना ती सगळ्या सहकाऱ्यांच्या पुढे निघून गेली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे सणस मैदानावर जायला लागली, तेही थेट चारशे मीटरच्या राउंडने, घड्याळ लावून. महिन्याच्या आत नडगी दुखायला लागली. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही, पण डॉक्टरांसमोर तिला इतकं रडू आलं, की त्यांनीच तिला माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत ती बोलली ते फक्त टायमिंगबद्दल. कोणत्या वर्षी, कुठे, किती सेकंद. आई मधेच म्हणाली, "मॅडम, हिला सांगा ना, झालं ते झालं. आता लग्नाचं वय आहे, उगाच पाय मोडून घेईल." वडील गप्प बसून होते.

पुढच्या भेटीला वडील एक जुनी डायरी घेऊन आले. मोठ्या अभिमानाने त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. पट्टीने आखलेले रकाने, सुंदर अक्षर. तारीख, प्रत्येक राउंडचं टायमिंग, सकाळचं वजन. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं ‘पोळ्या’. त्यात कुठे २, कुठे १, आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ओळीने १, १, १. रोज पहाटे पाचला मुलीला स्कूटरवरून मैदानावर नेणाऱ्या, थंडीत ट्रॅकच्या कडेला उभं राहून तिचा स्वेटर सांभाळणाऱ्या माणसाने ते रकाने भरले होते. "सर म्हणायचे, वजन उतरलं की सेकंद उतरतात," ते म्हणाले. "सांगितलं तसं करत गेलो."

मी मृणालला विचारलं, "तेव्हा पाळी नियमित होती का गं?" वडील उठून बाहेर जायला लागले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा." मग तिने सांगितलं, की पंधराव्या वर्षी आली, सोळाव्या वर्षी थांबली, आणि जवळपास दीड वर्ष आलीच नाही. सरांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, चांगलंय, म्हणजे बॉडी फिट आहे. आईलाही वाटलं, बरंय, स्पर्धेच्या वेळी त्रास नाही.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा गैरसमज मी फार घरांत पाहिला आहे. मुलगी जेवढं धावते त्या मानाने खात नसेल, तर शरीराकडे बाकीच्या कामांसाठी ऊर्जा उरत नाही. मग ते काटकसर करतं. पाळी बंद करणं ही त्यातलीच एक काटकसर. इस्ट्रोजेन कमी पडतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात, तीही नेमकी अशा वयात, जेव्हा हाडांचा बहुतेक साठा भरला जात असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या सगळ्या प्रकाराला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. तो मुलग्यांनाही होतो. त्याआधीही खेळाडू मुलींच्या बाबतीत कमी खाणं, बंद पडलेली पाळी आणि कमजोर हाडं हे त्रिकूट डॉक्टरांना माहीत होतंच. मृणालचा पाय दोनदा मोडला तो कमनशिबाने नाही.

हे ऐकल्यावर ती मला म्हणाली, "म्हणजे मी कमी पडले नव्हते?" सहा वर्षं तिने स्वतःला हेच सांगितलं होतं, की आपण मनाने कच्चे निघालो.

मी डॉक्टर नाही. म्हणून पुढचं काम तिघांत वाटून घेतलं : खेळाडूंवर उपचार करणारे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ. रक्ताच्या तपासण्या झाल्या, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला. हिमोग्लोबिन ठीक होतं, पण लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन कमी, ड जीवनसत्त्व कमी, आणि कण्याच्या हाडांची घनता वयाच्या मानाने थोडी कमी. धावायला कायमची बंदी घालावी असं काही नव्हतं, घाई करावी असंही काही नव्हतं.

पूर्वी चांगलं धावलेल्या माणसाला एक धोका असतो, आणि तो नवख्याला नसतो. हृदय-फुप्फुसं लवकर जागी होतात. आठ-दहा आठवड्यांत दम लागेनासा होतो, पायांना जुनी लय सापडते, वेग कसा पकडायचा हे शरीराला आठवतं. हाडं आणि स्नायुबंध मात्र आपल्या गतीनेच घट्ट होतात. हाडाची झीज-भर एकदा पूर्ण व्हायलाच तीन-चार महिने लागतात. त्यामुळे अगदी जेव्हा ‘आपण परत आलो’ असं वाटायला लागतं, तेव्हाच पाय मोडायची भीती जास्त असते. मृणालला पहिल्या महिन्यात दुखलं ते यामुळेच.

वयाबद्दल म्हणाल, तर उदाहरणं आपल्या आजूबाजूलाच आहेत. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर आधी मॅरेथॉनची धावपटू होती. पंचविशीच्या आसपास ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली. बीडचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि २०१५ नंतर, विशी उलटल्यावर स्पर्धेच्या धावण्याकडे वळला. पॅरिसला २०२४ साली तो स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत होता. पी. टी. उषा लग्न आणि बाळंतपणानंतर परत आली आणि १९९८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, फुकुओकाच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत तिने पदकं मिळवली.

पण ही नावं सांगून मी मृणालला उभारी दिली नाही. पहिली दोन उदाहरणं उशिरा उमललेल्यांची आहेत आणि उषा ऐन बहरात असताना थांबली होती. कोवळ्या वयात धावताना मोडलेल्यांची गोष्ट वेगळी असते. मृणालच्या जवळची वाटली ती अमेरिकेची मेरी डेकर. १९७३ साली, वयाची पंधरा पुरी व्हायच्या आधीच ती मोठ्या बायकांना हरवत होती. मग नडग्यांच्या दुखण्याने तिची काही वर्षं गेली, ऑपरेशन झालं. १९८३ साली हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत तिने १५०० आणि ३००० मीटर, दोन्हींत सुवर्ण जिंकलं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. म्हणजे परतणं घडतं. पण दुखापतींनी तिला नंतरही सोडलं नाही आणि ऑलिम्पिक पदक तिला कधी मिळालं नाही. मृणालला मी दोन्ही बाजू सांगितल्या.

माझं खरं काम वेगळंच होतं. मी तिला विचारलं, "परत म्हणजे तुला कुठे जायचंय?" ती पटकन म्हणाली, "मला तीच मृणाल व्हायचंय." पण ती मृणाल चाळीस किलोची, उपाशी, पाळी थांबलेली मुलगी होती. ४:३६ हे टायमिंग त्या शरीराचं होतं आणि त्याची किंमत पुढच्या वर्षांनी चुकवली होती. आजच्या भरलेल्या, कमावत्या बाईच्या शरीराने त्या आकड्याशी रोज तुलना करायची म्हणजे रोज हरायचं. हे तिला बुद्धीने लगेच पटलं. मनाने पटायला बरेच महिने गेले.

त्या महिन्यांत ती आधी चिडली. सरांवर, मग वडिलांवर, मग आईवर. मी तिला थांबवलं नाही. "जाऊ दे, पॉझिटिव्ह विचार कर," असं तिला घरी, ऑफिसात सगळेच सांगत होते. गेलेल्या वर्षांचं दुःख करायला तिला जागाच मिळाली नव्हती. एकदा वडील तिच्यासमोर म्हणाले, "बेटा, मला कळलं नाही गं." त्यावर ती लगेच विरघळली वगैरे नाही. दोन-तीन आठवडे त्यांच्याशी धड बोललीही नाही. मग एका रविवारी तिनेच त्यांना तळजाईच्या टेकडीवर बरोबर चला म्हटलं.

ही इच्छा नक्की कुणाची, हेही बघावं लागतं. मृणालच्या काकांचं म्हणणं होतं, की खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी तरी धाव. त्यात गैर काही नाही. अनेक घरांना त्या नोकरीची खरीच गरज असते. पण मग ते उघड बोलावं आणि त्याचे नियम, वयाची अट, कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं, हे आधी तपासावं. मृणालला नोकरी होती. वडिलांना जुने दिवस हवे होते. तिला काय हवंय हे कळायला मी तिला मेडल न मिळालेलं एखादं धावणं आठवायला सांगितलं. ती म्हणाली, एकदा पावसात मैत्रिणीबरोबर तळजाईच्या जंगलात वाट चुकली होती, तासभर दोघी चिखलात धावत होत्या, वेळ बघितलीच नाही. हे सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसला. त्यानंतरही तिला स्पर्धा हवीच होती. पण आता ती माझ्याशी पुढच्या वर्षाबद्दल बोलत होती.

तिने स्वतःच्या अटी लिहून काढल्या. वजनाची नोंद फक्त आहारतज्ज्ञ ठेवणार. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात प्रॅक्टिस कमी करायची. पहिलं वर्ष १५०० मीटर नाही, फक्त ५००० आणि क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून माळावरून धावायची शर्यत. आणि हे सगळं कोचला पहिल्याच दिवशी सांगायचं. एका कोचने ऐकून हसण्यावारी नेलं. ती तिथून परत आली. दुसऱ्या कोच स्वतः जुन्या धावपटू होत्या. त्यांनी विचारलं, "रात्री किती वाजता झोपतेस?" मृणाल म्हणाली, तिथेच ठरलं. सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं अशी झाली. सोळाव्या वर्षी आपण काय होतो हे माहीत असलेल्या माणसाला मैदानावर सगळ्यांसमोर चालणं किती जड जातं, हे मला तिच्याकडून कळलं.

सव्वा वर्षाने ती ५००० मीटर १८ मिनिटं २० सेकंदांत धावली. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पारुल चौधरीने हेच अंतर १५ मिनिटं १४.७५ सेकंदांत जिंकलं, तेही अठ्ठाविसाव्या वर्षी. हा फरक मी मृणालपासून लपवला नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवर टक्कर देणं तिच्या आवाक्यात आहे. राष्ट्रीय स्पर्धेत उतरणं दोन-तीन निरोगी वर्षं मिळाली तर शक्य आहे. त्यापुढचं आज कुणी सांगू नये, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

ज्यांच्या घरी आज एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी रोज मेडल आणते आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तीन महिने पाळी आली नाही किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर समोर कोणतीही स्पर्धा असो, आधी डॉक्टरांकडे जा. पायाच्या एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर बर्फ लावून पळायला पाठवू नका. तिच्या ताटातल्या पोळ्या मोजू नका.

मृणाल जिल्ह्याच्या क्रॉस कंट्री निवड चाचणीत चौथी आली आणि संघात तिचं नाव लागलं. पुढच्या महिन्यात डेक्सा पुन्हा करायचा आहे. तो रिपोर्ट बघून १५०० मीटरचा विचार करायचा, असं तिचं आणि कोचचं ठरलं आहे.