युक्का फार उंच वाढून झुकला आहे. तो कसा छाटावा आणि त्याला गोल आकार देता येईल का?

आपल्या अंगणातील युक्का आठ-नऊ फूट वाढून रस्त्याकडे झुकला आहे, खोडाला वाळकी पाने लोंबत आहेत आणि शेंडा कापल्यास झाड मरेल असे शेजारी सांगतात, असे आपण लिहिले आहे. शेजाऱ्यांचे ते वाक्य वाचले आणि उत्तर लिहायला बसले, कारण तेच वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. शेंडा कापल्याने युक्का मरत नाही. निःशंकपणे कापा.

आमचा युक्का पुण्यातील घराच्या फाटकाशेजारी आहे. ताठ पानांची आणि प्रत्येक पानाच्या टोकाला काटा असलेली ही अलोइफोलिया जात. तिचे खोड उंचीच्या मानाने बारीक राहते आणि डोक्यावर पानांचा भार वाढला की ते हमखास कलते. आमचेही कलले. वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाच्या दंडावर ओरखडे उठू लागले, शेजारच्या काकूंचा पदर अडकला आणि अखेर घरात या झाडावर बैठक बसली. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्या वेळी गुहागरहून आले होते. त्यांची माड-पोफळीची बाग आहे आणि झाडांच्या बाबतीत आमच्याकडे त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. खोडाकडे एकदा पाहून ते यजमानांना म्हणाले, “अरे, शेंडा मारलेला माड कधी फुटलेला बघितलायस? हाही त्यातलाच. ठेवायचा तर असाच ठेव, नाहीतर मुळापासून काढून टाक.” यजमानांनी मान डोलावली. हा माड नव्हे, असे मी म्हणाले, तेव्हा मला कोणी उलट बोलले नाही. फक्त चहाचे कप आत नेण्यास सांगण्यात आले.

माडाविषयी दादांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो शेंड्यात असतो, आणि पानांच्या बेचक्यात जे कोंब येतात त्यांच्या पोयी, म्हणजे फुलांचे तुरे, होतात, फांद्या होत नाहीत. म्हणून शेंडा गेला की माड गेला. युक्का दिसायला माडासारखा असला तरी त्याचे कूळ निराळे, तो घायपाताच्या जवळचा. त्याच्या खोडावर जुन्या पानांच्या खुणा असतात आणि त्या ठिकाणी सालीखाली सुप्त डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, राहतात. शेंडा जिवंत असेपर्यंत ते स्वस्थ असतात. शेंडा कापला की कापाच्या लगत खालचे दोन-चार डोळे जागे होतात. शिवाय याला पुरावा प्रत्येक नर्सरीत उभा आहे. जाड सोटासारखे खोड आणि त्याच्या वरच्या टोकाला बाजूने फुटलेले पानांचे झुबके, असा जो युक्का दिवाणखान्यासाठी कुंडीत विकला जातो, तो मुळात शेंडा कापलेलाच असतो. ग्वाटेमाला, कोस्टा रिका या देशांत युक्क्याची खोडे शेतात वाढवतात, करवतीने तुकडे करतात आणि ते तुकडे मुळे फुटण्यासाठी जगभर पाठवतात. आमच्या दादांच्या मुलाच्या ऑफिसात अशीच एक कुंडी आहे, हे मी येथे नमूद करून ठेवते.

पुढच्या फाल्गुनात दादा गावी शिमग्याच्या पालखीत गुंतलेले असताना मी करवत काढली. सिकेटरने, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीने, हे खोड तुटत नाही, चेचले मात्र जाते. बारीक दातांची करवतच हवी. खोड लाकडासारखे कोरडे नसते. आत ओलसर, पांढुरका गर आणि दोरखंडासारखे तंतू असतात, ते करवतीच्या दातांत गुंततात आणि दर थोड्या वेळाने पाते पुसावे लागते. वरचा भार अचानक खाली येतो, म्हणून मी आधी डोके उतरवले आणि मग जिथून फांद्या हव्या होत्या तिथे, कमरेच्या उंचीवर, दुसरा काप घेतला. तो किंचित उतरता घेतला, म्हणजे पाणी साचत नाही. कापाला बुरशी लागू नये म्हणून त्यावर बोर्डो पेस्ट लावली. द्राक्षवाले लावतात तीच: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. घरी एका झाडासाठी याच प्रमाणात मूठभर पुरते. भांडे लोखंडी नसावे.

त्यानंतर आमच्या फाटकाशी नुसता एक सोटा उभा होता आणि यजमान त्याच्याकडे पाहून उसासे टाकत असत. ते रोज संध्याकाळी त्याला बादलीभर पाणी घालू पाहत आणि मी रोज ती बादली जास्वंदीकडे वळवत असे. छाटलेला युक्का मरतो तो बहुधा याच मायेने. पाने नसलेले झाड पाणी खर्च करत नाही; मुळांशी ओल साचते आणि खोड बुडापासून कुजते, आणि मग लोक म्हणतात की छाटल्यामुळे मेला. माती बोटभर खोलीपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नका. दीड-दोन महिन्यांत कापाखाली साल ठिकठिकाणी फुगून तडकली आणि तांदळाच्या दाण्याएवढी फिकट हिरवी टोके बाहेर आली. मे महिन्यात दादा आले, त्यांनी चष्मा पुसून ती टोके पाहिली आणि म्हणाले, “चिवट जात दिसते.” एवढेच.

विषय तिथे संपला असता, पण पुढे झाडाला फुलांचा तुरा आला तेव्हा दादांनी पुन्हा भाकीत केले की घायपात एकदा फुलला की मरतो, तसाच हाही आता जाईल. घायपाताचे ते खरे आहे, युक्क्याचे नाही. युक्क्याचे ज्या डोक्यातून फूल येते त्या डोक्याची सरळ वाढ तेवढी थांबते आणि बाजूने नवे डोके निघते. फुले वाळल्यावर मी दांडा बुडातून कापला आणि त्याच्या खालून नवीन झुबके आले. या वेळी दादा काही बोलले नाहीत.

आता आपल्या गोल आकाराविषयी. तो होणार नाही. मेंदीचे कुंपण कातरतात तसा युक्का कातरता येत नाही, कारण त्याचे पान अर्धे कापले की उरलेले अर्धे पान कडेने तपकिरी होते आणि गळेपर्यंत तसेच राहते. सोसायट्यांच्या बागांतून पानांची टोके सरळ रेषेत कापलेले युक्के दिसतात, ते पाहून मला अजूनही चीड येते. युक्क्याला आकार द्यायचा तो खोडाच्या उंचीनेच. जिथे कापाल त्याच्या खालून फुटेल, म्हणून बाक जिथे सुरू होतो त्याच्या खाली कापा. टेकू देऊन वाकलेले खोड सरळ होत नाही. खोडे दोन-तीन असतील तर ती वेगवेगळ्या उंचीवर आणि शक्यतो एकाच वर्षी सगळी न कापता घ्यावीत, म्हणजे झाड भरल्यासारखे दिसते. फुटलेल्या कोंबांपैकी एकमेकांत घुसणारे कोवळे असतानाच काढून टाकावेत.

वाळकी पाने खाली आणि बाजूला ओढली की बहुतेक सुटतात. न सुटणारी खोडालगत धारदार चाकूने कापावीत. वाळवंटात हा पानांचा घोळ खोडाला ऊन-थंडीपासून जपतो, पण आपल्या पावसाळ्यात त्यात ओल, झुरळे आणि पिठ्या ढेकूण वस्तीला येतात. उतरवलेले डोके फेकू नका. हात-दीड हात खोड ठेवून, खालची पाने काढून ते आठवडाभर सावलीत सुकू द्या आणि रेताड मातीत लावा. आमचे असेच एक डोके गुहागरला दादांच्या विहिरीजवळ चांगले वाढले आहे आणि ते स्वतः पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात, मात्र कुठून आले ते सांगत नाहीत.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पावसाळ्यात हे काम करू नका. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचा काळ उत्तम. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण पानाचे टोक नेमके डोळ्याच्या पातळीवर येते. घरात लहान मूल असेल तर पानाच्या टोकाचा तेवढा काटा नखाएवढा कापण्यास हरकत नाही. माझा विरोध पाने कातरण्याला आहे. कुत्रा-मांजर असेल तर कापलेले तुकडे लगेच उचला, त्यांना ते बाधतात. आणि आपला युक्का खोड नसलेला, पानांच्या कडांना पांढरे धागे सुटलेला असेल, तर तो फिलामेंटोसा. त्याला वरील छाटणी मुळीच लागू नाही, त्याची फक्त वाळकी पाने आणि सुकलेला फुलांचा दांडा काढावा. परंतु आपण आठ-नऊ फूट म्हणता, त्यामुळे तो तसा नसणार.