तीन-शून्य झालं म्हणून टीव्ही बंद केलात ना?

मागच्या वेळी एका उत्तरात पोर्तुगालच्या सुपर कपचा नुसता उल्लेख केला होता, तर एवढी पत्रं आली की क्रिकेटवाल्यांचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. रागवू नका मंडळी. या वेळी फक्त फुटबॉल.

प्रश्न : दादा, 2024 च्या सुपर कपची पोर्तो विरुद्ध स्पोर्टिंग मॅच मी लाइव्ह बघत होतो. 24व्या मिनिटाला स्पोर्टिंग 3-0 ने पुढे गेली, मी म्हटलं संपला विषय, टीव्ही बंद करून झोपलो. सकाळी उठून बघतो तर पोर्तो 4-3 ने जिंकलेली! मधल्या वेळात झालं काय?

अरे मित्रा, चार मिनिटं थांबला असतास तरी झोप उडाली असती. 28व्या मिनिटाला गालेनोने पोर्तोचा पहिला गोल मारला, आणि माझ्या मते मॅच तिथेच फिरली, भले बोर्डावर 3-1 दिसत असेल. 3-0 ने मागे राहून हाफटाइमला आत जाणं आणि 3-1 ने जाणं यात कागदावर एका गोलाचा फरक आहे, पण ड्रेसिंग रूममध्ये तो फरक केवढा असतो ते जे खेळलेत त्यांना विचारा.

तू बघितलेला भाग आधी सांगतो म्हणजे हिशोब लागेल. 3 ऑगस्ट 2024, आवेइरोचं स्टेडियम. सहाव्या मिनिटाला गोन्सालो इनासियो, नवव्याला पेद्रो गोन्साल्विस म्हणजे आपला ‘पोते’, आणि 24व्याला जिओवानी केंदा. स्पोर्टिंग तेव्हा लीग चॅम्पियन, कोच रुबेन अमोरिम, पुढे ग्योकेरेससारखा स्ट्रायकर, त्यामुळे तू झोपायला गेलास यात तुझी तरी काय चूक, मलाही जांभई आलीच होती. सेकंड हाफमध्ये बराच वेळ काही होत नव्हतं आणि मग 64व्या मिनिटाला निको गोन्झालेझ, 66व्याला परत गालेनो. दोन मिनिटांत 3-3! नव्वद मिनिटं तिथेच संपली, एक्स्ट्रा टाइम सुरू झाला आणि 101व्या मिनिटाला इव्हान हायमेने चौथा घातला. त्यानंतर स्पोर्टिंगला काही परत येता आलं नाही.

यात एक गोष्ट फार कमी लोकांनी उचलली. पोर्तोचा कोच व्हितोर ब्रुनो, त्याची हेड कोच म्हणून ही पहिलीच ऑफिशियल मॅच, त्याआधी तो बरीच वर्षं सेर्जियो कोन्सेसाओचा असिस्टंट होता. आणि क्लबचा अध्यक्षही नवाच, आंद्रे व्हिलास-बोआस. त्याने एप्रिल 2024 च्या निवडणुकीत पिंतो दा कोस्ता यांना हरवलं, जे 1982 पासून म्हणजे तब्बल 42 वर्षं खुर्चीवर होते. आता गंमत बघ, हाच व्हिलास-बोआस 2010 मध्ये पोर्तोचा कोच म्हणून आला तेव्हा त्याची पहिली ऑफिशियल मॅचही सुपर कपचीच होती, तीही आवेइरोलाच, आणि त्याने बेन्फिकाला 2-0 ने हरवलं होतं. चौदा वर्षांनी त्याच मैदानावर, या वेळी अध्यक्ष म्हणून, परत तोच कप. असल्या योगायोगांवर माझा विश्वास नाही पण लिहिताना हात थांबत नाही हे खरं.

प्रश्न : हा कप म्हणजे नक्की काय असतो? कोण कोणाशी खेळतं? मुलगा सांगतो ते मला कळत नाही आणि परत विचारलं की चिडतो. (एक आई)

ताई, सोपं आहे. एका बाजूला लीग जिंकलेली टीम, दुसऱ्या बाजूला तासा दे पोर्तुगाल म्हणजे तिथला नॉकआउट कप जिंकलेली टीम, आणि सीझनच्या तोंडावर दोघांची एक मॅच. एकाच टीमने दोन्ही जिंकलं असेल तर कपच्या फायनलमध्ये हरलेली टीम समोर येते. 2025 ला असंच झालं, स्पोर्टिंगने दोन्ही जिंकले म्हणून बेन्फिकाला संधी मिळाली आणि 31 जुलैला पाव्हलिदिसच्या एका गोलवर 1-0 ने बेन्फिकानेच कप नेला. आधी दोन मॅच म्हणजे दोन ‘लेग’ व्हायच्या, एक इथे एक तिथे, 2001 पासून एकच आणि तीही तटस्थ मैदानावर. मुलाला सांगा, आता मला येतं.

प्रश्न : दोन लेगच्या काळातल्या काही भन्नाट गोष्टी असतील तर सांगा ना.

दोन सांगतो. 1996 ला पोर्तोने पहिली लेग 1-0 ने जिंकली आणि दुसऱ्या लेगला लिस्बनमध्ये बेन्फिकाच्या घरात जाऊन, दा लुझवर, 5-0 मारले. पाच! पोर्तोचे जुने लोक अजून त्या रात्रीचं नाव काढतात आणि बेन्फिकाचे जुने लोक विषय बदलतात. दुसरी गोष्ट 1995 च्या कपची, त्यात दोन लेगनंतरही बरोबरीच राहिली म्हणून रिप्ले ठेवला, आणि तो कुठे, तर पॅरिसला! पॅरिस भागात पोर्तुगीज कामगारांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे प्रेक्षकांची चिंता नव्हती. स्पोर्टिंगने तिथे पोर्तोला 3-0 ने हरवलं. पोर्तुगालचा कप फ्रान्समध्ये ठरला.

प्रश्न : माझी मित्राशी पैज लागलीय. मी म्हणतो सुपर कप जिंकणारी टीमच त्या सीझनला लीग घेते, कारण फॉर्म तिथेच दिसतो. बरोबर ना दादा?

पैसे तयार ठेव. मी बसून यादी काढली आणि स्वतःच चाट पडलो. 2017 ला कप बेन्फिकाचा, लीग पोर्तोची. 2018 ला कप पोर्तोचा, लीग बेन्फिकाची. 2019 ला बेन्फिकाने स्पोर्टिंगला 5-0 ने धुतलं, पिझ्झीचे दोन गोल, सगळे म्हणाले आता या टीमला कोण अडवणार, आणि लीग नेली पोर्तोने. 2020 ची मॅच कोरोनामुळे थेट 23 डिसेंबरला झाली, ती पोर्तोने जिंकली आणि लीग स्पोर्टिंगने. 2021 ला कप स्पोर्टिंगचा, लीग पोर्तोची. 2022 उलटं, कप पोर्तो, लीग बेन्फिका. 2023 ला कप बेन्फिका, लीग स्पोर्टिंग. आणि 2024 ला तू वर वाचलंसच, 4-3 ने जिंकली पोर्तो आणि लीग परत स्पोर्टिंगने घेतली, वर तासा दे पोर्तुगालही. सलग आठ वर्षं! 2016 ला बेन्फिकाने दोन्ही केलं होतं, 2015 ते 2024 मध्ये तेवढाच आधार तुझ्या बाजूने. आणि त्याच्या आदल्या वर्षी काय झालं ते पुढच्या उत्तरात वाच, तेही तुझ्या विरुद्धच आहे.

मला विचारशील तर याला शाप वगैरे काही म्हणू नये. ऑगस्टच्या सुरुवातीला जी टीम दिसते ती ऑगस्टच्या शेवटी उरेलच याची पोर्तुगालमध्ये खात्री नसते. तिथले मोठे क्लब खेळाडू घडवून विकण्यावरच चालतात आणि ट्रान्सफरचा बाजार मॅचनंतरही उघडा असतो. त्यामुळे सुपर कपवरून टीमचा अंदाज बांधणं म्हणजे लग्नाच्या हॉलवर अर्धी मंडळी आलेली असताना पंगती मोजणं.

प्रश्न : कोचने टीम बदलली आणि लगेच जुन्या टीमला हरवलं असं कधी झालंय का? मला असे सूडाचे किस्से आवडतात.

मलाही. 2015. जॉर्ज जेझुस सहा वर्षं बेन्फिकाचा कोच होता, शेवटच्या दोन वर्षांत सलग लीग जिंकून दिली, आणि मग सरळ उठून गेला स्पोर्टिंगला. म्हणजे रस्ता ओलांडून समोरच्या घरात! नव्या नोकरीतली पहिली ऑफिशियल मॅच, समोर कोण, तर बेन्फिकाच, अल्गार्व्ह स्टेडियमवर. स्पोर्टिंग 1-0 ने जिंकली, गोल तेओ गुतिएरेझच्या नावावर लागला. बेन्फिकाचा नवा कोच रुई व्हितोरिया, त्याची काय अवस्था झाली असेल विचार कर. पण सीझन संपला तेव्हा बेन्फिका 88 पॉइंट, स्पोर्टिंग 86. सूड एका रात्रीपुरताच टिकला.

प्रश्न : रेड कार्डवाली मॅच कुठली? कोच मैदान सोडत नव्हता ती?

ऑगस्ट 2023, आवेइरो, बेन्फिका 2 पोर्तो 0. तेरा वर्षांनी बेन्फिकात परतलेल्या दि मारियाने पहिला मारला, मुसाने दुसरा. शेवटी शेवटी पोर्तोच्या पेपेला रेड, तेव्हा तो 40 वर्षांचा होता हो, आणि वाद घातला म्हणून कोच कोन्सेसाओलाही रेड, तर हा बाबा जागचा हलायलाच तयार नाही, खेळ थांबून राहिला. कोन्सेसाओचे फॅन मला पत्र पाठवतील, पाठवा, पण मॅच हरताना कसं वागू नये याचा तो नमुना होता असंच मी म्हणणार.

प्रश्न : कपला ज्यांचं नाव आहे ते कांदिदो दे ओलिवेरा कोण?

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. जन्म 1896. लहानपण लिस्बनच्या कासा पिया या अनाथ मुलांच्या संस्थेत. बेन्फिकाकडून खेळले, मग आपल्या संस्थेच्या जुन्या मुलांबरोबर कासा पिया क्लब उभा केला. पोर्तुगालची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच 18 डिसेंबर 1921 ला माद्रिदमध्ये स्पेनविरुद्ध झाली, पोर्तुगाल 3-1 ने हरलं, आणि त्या टीमचे कॅप्टन हेच. पुढे नॅशनल टीमचे कोच होऊन 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला टीम घेऊन गेले.

मग आला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा काळ. हा माणूस हुकूमशाहीच्या विरोधात, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त जाळ्यात सामील, 1942 ला पोलिसांनी पकडलं आणि पाठवलं कुठे, तर केप व्हर्दच्या बेटावरच्या तार्राफाल छळछावणीत. तिथे कैदी तापाने मरायचे. हे जिवंत सुटले, आणि सुटल्यावर 1945 ला दोन साथीदारांबरोबर ‘आ बोला’ हे खेळाचं वर्तमानपत्र काढलं, जे आजही चालू आहे. त्याच दशकात स्पोर्टिंगचे कोच झाले, पुढच्या फळीत ते प्रसिद्ध ‘पाच व्हायोलिन’, जेझुस कोर्रेया, व्हास्केस, पेइरोतेओ, त्राव्हासोस आणि अल्बानो. नंतर पोर्तोचेही कोच झाले. 1958 चा वर्ल्ड कप कव्हर करायला स्वीडनला गेले आणि तिथेच, स्टॉकहोममध्ये, वारले.

बघा म्हणजे, खेळले बेन्फिकाकडून, शिकवलं स्पोर्टिंगला आणि पोर्तोला. ज्या तीन क्लबच्या लोकांचं हवामानावरसुद्धा एकमत होत नाही त्यांना एका कपसाठी दुसरं कुठलं नाव चाललं असतं?

प्रश्न : छोट्या टीमना कधी हा कप मिळतो का, की तिघांचीच मक्तेदारी?

2025 पर्यंत 47 वेळा झाला, त्यात पोर्तो 24, बेन्फिका 10, स्पोर्टिंग 9. उरले चार, त्यातले तीन बोआव्हिस्ताचे आणि एक व्हितोरिया गिमाराइशचा, 1988 चा. पण पोचतात बरं का छोटे. 2002 ला लेइशोइश तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना नॉकआउट कपच्या फायनलला गेली, त्यामुळे सुपर कप खेळली, 5-1 ने हरली. 2022 ची तोंदेला तर अजब, त्याच सीझनला लीगमधून खाली घसरली आणि त्याच सीझनला नॉकआउट कपची फायनलही खेळली, मग दुसऱ्या डिव्हिजनची टीम म्हणून पोर्तोसमोर उभी राहिली. 3-0, तारेमीचे दोन, एव्हानिल्सनचा एक.

प्रश्न : मॅच आवेइरोलाच का असते सारखी?

सारखी नसते. पोर्तो खेळणार असेल तर बहुतेक आवेइरो, लिस्बनचे दोघे, म्हणजे बेन्फिका आणि स्पोर्टिंग, एकमेकांत असतील तर अल्गार्व्ह, 2015, 2019 आणि 2025 तिन्ही वेळा तिकडेच. दोन्ही स्टेडियम युरो 2004 साठी बांधलेली. आवेइरोच्या त्या रंगीबेरंगी खुर्च्या टीव्हीवर बघून डोळे दुखतात अशी तक्रार एका ताईंनी केलीय, आर्किटेक्ट तोमास ताव्हेइरा, मी काही करू शकत नाही.

प्रश्न : 2024 च्या मॅचमधला तो 17 वर्षांचा पोरगा केंदा, आणि गोल मारणारे बाकीचे, आता कुठे आहेत? मी पोर्तोचा फॅन आहे, खरं काय ते सांगा.

खरं सांगू? बस आधी. केंदाचा जन्म गिनी-बिसाऊचा, वय त्या रात्री 17 वर्षं तीन महिने, सीनियर टीमकडून पहिलीच ऑफिशियल मॅच आणि त्यात गोल. त्याच्यासाठी मार्च 2025 मध्येच चेल्सीने स्पोर्टिंगशी करार करून टाकला. अमोरिम नोव्हेंबर 2024 ला मँचेस्टर युनायटेडला गेला. ग्योकेरेस पुढच्या जुलैत आर्सेनलला, लीगमध्ये 39 गोल मारून.

आता तुझी टीम. दोन गोल मारणारा गालेनो जानेवारी 2025 च्या शेवटी सौदीच्या अल-अहलीला, साधारण 5 कोटी युरो. निको गोन्झालेझ, स्पेनच्या देपोर्तिवो क्लबचा जुना खेळाडू फ्रान याचा मुलगा, त्याच आठवड्यात मँचेस्टर सिटीला, 6 कोटी युरो. आणि ज्या व्हितोर ब्रुनोला त्या रात्री पोरांनी डोक्यावर घेतलं असतं, त्याला त्याच जानेवारीत क्लबने घरी पाठवलं. सहा महिने पण नाही झाले रे. त्या रात्रीचा कप हातात घेतलेला टीमचा फोटो कुठे मिळाला तर सेव्ह करून ठेव.