ऑगस्टीन: बागेतल्या प्रसंगानंतरची वर्षं

ओल्ड गोव्यातल्या पडक्या बुरुजाला ज्याचं नाव आहे तो ऑगस्टीन कोण, आणि ‘मौजमजेतला तरुण पुढे संत झाला’ यापलीकडे त्याच्यात काय आहे, असं तुम्ही विचारलंय.

बुरुज त्याच्या नावाच्या संघाच्या चर्चचा. ते संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. तो स्वतः मात्र ३५४ साली आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावी जन्मला.

तारुण्याची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती त्यानेच ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात लिहून ठेवली: ३८६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या बागेतला मनपरिवर्तनाचा प्रसंग, पुढच्या वर्षी बिशप अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा. त्याआधी बरीच वर्षं सोबत राहिलेल्या, त्याच्या मुलाच्या आईला दुसरीकडे जुळवलेल्या त्याच्या लग्नाच्या सोयरिकीपायी परत आफ्रिकेला धाडलं होतं. तिच्यासाठी काळीज रक्तबंबाळ झालं असं तो लिहितो, पण तिचं नाव लिहीत नाही. ते मला आजही खुपतं.

माझ्या मते खरा ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या बंदराच्या गावात भेटतो. तिथे ३९१ मध्ये लोकांनी त्याला धरून जवळजवळ जबरदस्तीने धर्मगुरू केलं, तेव्हा तो रडला. पुढे बिशप म्हणून तीसहून अधिक वर्षं प्रवचनं दिली, लोकांचे तंटे सोडवले आणि त्यातच ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथाचे २२ खंड लिहिले.

विसाव्या शतकात त्याची काही हरवलेली पत्रं सापडली. त्यातलं एक जरूर वाचा. गुलामांचे व्यापारी गावोगावची माणसं पळवून जहाजात भरत होते. ऑगस्टीन बाहेरगावी असताना हिप्पोच्या चर्चमधल्या लोकांनी सुमारे १२० जणांना सोडवलं. आईबापांनीच विकलेले त्यात जेमतेम पाच-सहा निघाले. व्यापाऱ्यांवर कायदा चालवा, पण शिसं लावलेल्या चाबकाच्या फटक्यांनी त्यांचा जीव जाऊ नये, असंही तो लिहितो.

पण याच माणसाने दोनातिस्त पंथीयांना, म्हणजे मुख्य चर्चपासून फुटलेल्या आफ्रिकेतल्या ख्रिस्ती गटाला, सरकारी धाकाने चर्चमध्ये आणणं योग्य ठरवलं. पुढे शतकानुशतकं छळ करणाऱ्यांनी त्याचाच आधार घेतला. त्याच्यावर माझा जीव आहे, तरी हे झाकून ठेवणार नाही.

४३० मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीच्या सैन्याचा हिप्पोला वेढा पडला असताना तो तापाने अंथरुणाला खिळला. पश्चात्तापाची स्तोत्रं समोरच्या भिंतीवर लावून घेतली, ती वाचत रडत असे. २८ ऑगस्टला गेला. मृत्युपत्र केलं नाही, मागे ठेवण्यासारखं काही नव्हतंच. चर्चचं ग्रंथालय मात्र नीट सांभाळा, असं तो सांगत असे.