सगळे बरे झाले, मग गोष्ट कुठली?

प्रश्न: ताई, मी सायन्स फिक्शन लिहायला घेतलंय. एक शास्त्रज्ञ व्हायरस सोडतो, एका रात्रीत सगळ्यांचा डीएनए बदलतो आणि आनुवंशिक आजार कायमचे संपतात. पण दहा पानांनंतर गाडी अडकलीये, पुढे काही घडतच नाही. काय करू?

उत्तर: अरे, सगळे सुखी झाल्यावर घडणार काय डोंबल! आणि एका रात्रीत वगैरे सोडूनच दे, शरीरात पेशीच लाखो कोटी असतात.

त्यापेक्षा एकच आजार घे, सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं, ए च्या जागी टी, बस्स एवढ्यावर तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि माणूस कळवळतो. पण हे आईबाप दोघांकडूनही आलं तरच. एकाकडूनच आलं तर माणूस सहसा ठणठणीत, वर गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी बचाव, म्हणून तर ते टिकलं ना इतकी वर्षं!

आता तुझ्या जगात हे जनुक शोधून शोधून पुसलंय आणि मग कुठल्याच औषधाला न जुमानणारा मलेरिया येतो. जनुक उरलंय कुठे? तर 'बरा' म्हणून नोंद झालेल्या एका पेशंटच्या वंशात. हे मी हवेतून काढलेलं नाही हं, 2023 मध्ये ब्रिटनने कॅसजेव्ही नावाच्या जीन थेरपीला मंजुरी दिली, त्यात रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर काढून एडिट करतात आणि परत घालतात, पण स्त्रीबीज-शुक्राणूंना हात लावत नाहीत. म्हणजे पेशंट बरा झाला तरी त्याच्या प्रत्येक मुलात ते अक्षर जाणारच.

खरी गंमत त्याच्यापुढे आहे. साथीत वाचलेले बहुतेक असे एकाच पालकाकडून ते जनुक आलेले, ते एकमेकांशीच लग्न करणार, आणि मग दर बाळंतपणाला चारात एक शक्यता पुन्हा त्याच आजाराची. लग्नाला परवानगी कोण देणार? आजारी पोराला काय सांगणार? इथे रेंगाळ, घाई करू नकोस.

शास्त्रज्ञाला काढून टाक बाबा, तसाही तो नुसती भाषणं देत असणार. त्याच्याऐवजी लॅबमधली टेक्निशियन आण. स्लाइडवर रक्ताचा थेंब, पेशी छान गोल, काहीच वावगं नाही. मग ती थेंबातला ऑक्सिजन काढून घेणारं रसायन घालते, वर काच ठेवून कडा सील करते, चहा पिऊन येते आणि मायक्रोस्कोपला डोळा लावते तर सगळीकडे विळेच विळे. रजिस्टरमध्ये मात्र त्या घराण्यापुढे शिक्का आहे, 'निर्मूलन पूर्ण'.

हे पहिलं पान कर.