तीन प्रतींऐवजी इरेजर कोडिंग वापरल्यास जागा वाचते, तर सगळेच ते का वापरत नाहीत?

प्रत्येक फाईलच्या तीन प्रती ठेवण्यापेक्षा इरेजर कोडिंग कमी जागेत अधिक सुरक्षितता देते हे खरे आहे का, आणि खरे असल्यास प्रती ठेवण्याची पद्धत अजून का टिकून आहे, असे आपण विचारले आहे.

दावा खरा आहे. तीन प्रतींना तिप्पट जागा लागते आणि दोन डिस्क निकामी झाल्या तरी डेटा वाचतो. त्याऐवजी इरेजर कोडिंगने डेटाचे १० तुकडे करून त्यांच्यावरून ४ पॅरिटी तुकडे (हरवलेले तुकडे भरून काढण्यासाठीचे जादा तुकडे) काढले आणि हे १४ तुकडे वेगवेगळ्या डिस्कवर ठेवले, तर जागा फक्त १.४ पट लागते आणि कोणत्याही ४ डिस्क गेल्या तरी उरलेल्या दहांवरून सर्व काही परत मिळते. याचे गणित आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडले. दोन बिंदूंवरून एकच सरळ रेषा ठरते, तशी १० बिंदूंवरून नवव्या घातापर्यंतची एकच बहुपदी ठरते. आपले १४ तुकडे म्हणजे तिची १४ मूल्ये; त्यांपैकी कोणतीही १० हाताशी असली की बहुपदी पुन्हा उभी करता येते.

मात्र कोणते तुकडे गेले हे ठाऊक असेल तरच ही ताकद पूर्ण वापरता येते. डिस्क बंद पडली तर ते कळतेच. पण ती चालू राहून गुपचूप चुकीचे बाइट देऊ लागली, तर चूक शोधण्याचे कामही त्याच ४ पॅरिटी तुकड्यांवर पडते आणि मग खात्रीने दोनच तुकडे दुरुस्त होतात. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत चेकसम (त्या तुकड्यावरून काढलेली, बदल पकडणारी छोटी संख्या) ठेवणे मी अत्यावश्यक मानतो, कारण बिघडलेला तुकडा ओळखून बाजूला काढता आला की तो हरवलेल्या तुकड्यासारखाच हाताळता येतो.

खरी अडचण दुरुस्तीची आहे. प्रत हरवली तर दुसरी प्रत वाचली की काम होते. इथे एक तुकडा पुन्हा बनवण्यासाठी साधारणपणे दुसरे १० तुकडे नेटवर्कवरून आणावे लागतात, आणि मोठ्या यंत्रणेत डिस्क सतत जात असल्यामुळे हा भार कधीच थांबत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये अ‍ॅझ्युर या आपल्या क्लाउड सेवेसाठी मांडलेल्या कोडमध्ये १२ तुकड्यांचे सहा-सहाचे दोन गट करून प्रत्येक गटाला स्वतःची एक पॅरिटी दिली आणि सर्वांसाठी मिळून आणखी दोन ठेवल्या. त्यामुळे डेटाचा एकच तुकडा गेल्यास बारांऐवजी सहाच तुकडे वाचावे लागतात. जागा १.३३ पट लागते आणि कोणतेही तीन बिघाड सोसले जातात. चार बिघाडांतूनही बहुतेकदा डेटा परत मिळतो, पण तशी हमी नसते. कमी पॅरिटी तुकड्यांत स्वस्त दुरुस्ती मिळवण्यासाठी मोजलेली ही किंमत मला योग्य वाटते.

शिवाय डेटात छोटा बदल झाला तरी त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक पॅरिटी नव्याने लिहावी लागते. त्यामुळे सतत बदलणारा डेटा मी प्रतींमध्येच ठेवीन, आणि तो स्थिरावून क्वचित वाचला जाऊ लागल्यावर इरेजर कोडिंगकडे हलवीन.